कॅलोवे स्ट्रीटचे बाराशे ट्रक

मंगळवार, ११ जून

बाराशे बारा ट्रक. रोज! आमच्या कॅलोवे स्ट्रीटवरून रोज बाराशे बारा अवजड ट्रक जातात, असं सिटी हॉलच्या अहवालात छापून आलंय.

ते ट्रक म्हणजे मी.

म्हणजे मी, जर्नी आणि तिच्या दोरीउड्यांच्या टोळीतल्या सात पोरी. लिहून टाकतो एकदाचं, नाहीतर पोट फुटून मरेन. ही वही मावशीनेच दिलीय. "टेव्हिस, जेवढं बोलतोस त्यातलं अर्धं यात लिही. तेवढाच माझ्या कानांना आराम." घे मावशी. पहिल्याच पानावर तुझंच वाटोळं लिहितोय.

झालं असं. मे महिन्यात सिटीची माणसं आली आणि गाड्या मोजायला रस्त्यावर दोन काळ्या रबरी नळ्या आडव्या ठोकून गेली — या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंत. नळ्यांची टोकं एका लोखंडी खोक्यात. खोका साखळीने झाडाला बांधलेला, बरोबर रिकाम्या प्लॉटांच्या समोर. मी शेजारीच, ओडेलकाकाच्या टायरच्या दुकानात कामाला. दुपारी गिऱ्हाईक नाही. गेलो, खोक्याला कान लावला. गाडी नळीवरून गेली की आत टिक. मी पाय आपटला. टिक!

शहाण्या माणसाने इथे थांबावं. पण कुठे थांबावं हे मला शाळेतही कधी कळलं नाही, शेवटी शाळेलाच मला थांबवावं लागलं.

जर्नी नऊ वर्षांची आहे, पण गल्ली तीच चालवते. तिला म्हटलं, जी पोरगी जास्त टिक करेल तिला निळी आइसकँडी. मग काय! चार दिवस, रोज दुपारी चार ते आठ, आठही जणी नळ्यांवर टपटप-टपटप. फुटपाथच्या कडेलाच हं, गाड्यांच्या वाटेत नाही — तेवढी अक्कल मला होती. बाकीची कुठे गेली होती कोण जाणे. शेवटच्या दिवशी तर मी स्वतःच दुकानातले जुने टायर नळ्यांवरून गडगडवत होतो आणि पोरी टाळ्या पिटत होत्या. राजा वाटत होतं मला. टायरांचा राजा!

कशासाठी? कशासाठीच नाही. कंटाळा आला होता.

आज मावशी सिटी हॉलमधून तो अहवाल घेऊन आली. टेबलावर ठेवला. हॅटसुद्धा काढली नाही. चारही रिकाम्या प्लॉटांवर तिने आणि चर्चच्या बायकांनी एक योजना दिलीय — खाली दुकानं, वर राहायची घरं, आणि कोपऱ्यावर, पार्ककडे तोंड करून, मावशीचं मासे तळायचं दुकान. पण ते कधी? रस्ता चार पट्ट्यांचा दोन पट्ट्यांचा केला, झाडं लावली, पार्ककडे जायला चालत ओलांडायची जागा केली, तरच. आणि रस्ता अरुंद कधी करणार? दिवसाला पंधरा हजारांपेक्षा कमी गाड्या जात असतील आणि अवजड ट्रक नसतील, तरच. अहवाल म्हणतो, गाड्या एकोणीस हजार आणि ट्रक बाराशे बारा. म्हणजे रस्ता आहे तसाच ठेवा आणि प्लॉट एका गाड्या धुणाऱ्या कंपनीला द्या. लांबलचक बोगदा, फिरते ब्रश, साबणाचा फेस.

मावशी म्हणाली, "कुठले ट्रक रे? मी वीस वर्षं या खिडकीत बसतेय."

मी म्हटलं, "मागच्या बाजूने जात असतील."

मागच्या बाजूला रस्ताच नाही.

गुरुवार, १३ जून

जर्नी दुकानात आली. काउंटरवर हनुवटी टेकवली. "टेव्हिस, ते ट्रक म्हणजे आम्ही ना?"

"हळू बोल!"

"रोज एक निळी. आणि रविवारी दोन."

शुक्रवार, १४ जून

चर्चच्या तळघरात फिश फ्राय. मावशीचा शुक्रवार. पर्च मासा, बटाट्याचे पॅनकेक, राय ब्रेड, कोबीचं सॅलड. मिलवॉकीत शुक्रवारी मासा खाल्ला नाही तर माणूस आजारी आहे असं समजतात. अख्खी गल्ली आली होती आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय — ट्रक!

आणि ऐक, मजा काय झाली. लोकांना ट्रक दिसले होते!

शेजारची मिस व्हर्डी म्हणाली, "म्हणूनच माझ्या कपाटातल्या बशा थरथरतात!" कुणी म्हणालं, लाल होता, एकामागे एक तीन. ओडेलकाका तोंडात मासा धरूनच म्हणाला, "माझ्या दुकानाच्या भिंतीला तडा गेलाय तो उगाच?" अरे काका! तो तडा मी जॅक निसटून पाडलाय, गेल्या थँक्सगिव्हिंगला! तेव्हा म्हणाला होतास, थंडीने पडला!

एक बाई तर ट्रकांविरुद्ध सह्यांचा कागद फिरवत होती. माझ्यापर्यंत आला. सगळे बघत होते. काय करणार? सही केली. स्वतःविरुद्ध अर्ज करणारा मी या शहरातला पहिलाच माणूस असेन.

फक्त मावशी कढईसमोर उभी होती. म्हणाली एवढंच, "मी स्वतः मोजते."

सोमवार, १७ जून

मावशी खरंच बसलीय. रिकाम्या प्लॉटवर घडीची खुर्ची, वर चर्चची छत्री, मांडीवर पॅड, हातात पेन्सिल. तिची मरून ब्युइक फुटपाथला लावलेली. लावलेली म्हणजे घासलेली. मावशी गाडी लावते म्हणजे फुटपाथ लागेपर्यंत आत घेते. त्या उजव्या पुढच्या टायरची बाहेरची कड दोन बोटं गुळगुळीत झालीय, नक्षीच उरली नाही. मीच बसवलेला टायर! दहादा सांगितलं, बदल. "चालतोय तोवर चालू दे. तुलाही ठेवलंच आहे ना?"

दुपारी तिला लिंबू सरबत नेऊन दिलं. पाय लांब करून बसली होती, गुडघा सुजलेला. समोर चार पट्ट्यांवरून गाड्या सुसाट. एक जण उजवीकडून, पार्किंगच्या पट्टीतून घुसून सगळ्यांच्या पुढे गेला — ही आमच्या गावाची खास खोड. पलीकडे पार्क, पार्कातलं तळं, तळ्यावर बदकं. इथून तिथवर चाळीस पावलं. मावशी दोन वर्षांत तिथे गेलेली नाही. ओलांडताच येत नाही.

"ट्रक किती झाले?" मी विचारलं.

"चार. एक बिअरचा, एक ब्रेडचा, एक वाट चुकलेला, एक आइस्क्रीमचा. आइस्क्रीमचा धरायचा का?"

"नको."

मग तिने पॅडचा कोरा कागद घेऊन मला दुकान काढून दाखवलं. हे दार. हे काउंटर. ही कढई. "आणि कढईसमोर खिडकी. मोठी." बावीस वर्षं ती एका हॉटेलात तळत होती, डाउनटाउनला. कढईसमोर भिंत. पांढऱ्या फरश्या. "टेव्हिस, त्या भिंतीवर एकशे चौसष्ट फरश्या आहेत. मला प्रत्येकीची ओळख आहे. आता मला तळता तळता बदकं बघायचीत. बस्स. फार मागत नाहीये मी."

सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "बर्फ आणू का अजून?"

डुक्कर आहे मी.

जाताना तिच्या पॅडकडे बघितलं. पाठपोट रेघाच रेघा, पाच-पाचच्या जुड्या, पानंच्या पानं. मी वाकल्यावर तिने घडी घालून पर्समध्ये टाकले सगळे कागद. उन्हाने घामेजली होती बिचारी.

मंगळवार, १८ जून

एक निळी. दोन निळ्या. जर्नी म्हणते आता मैत्रिणींनाही माहितेय.

गुरुवार, २० जून

मेलो!

सिटीची इंजिनियर आली दुकानात. व्हँगबाई. तिशीची, बारीक, डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात केशरी जाकीट, हातात कागदांचा गठ्ठा. अहवाल दुसऱ्या कुणी लिहिलाय, ती तपासायला आलीय. टायरच्या ढिगावर कागद पसरून म्हणाली, "तुम्ही दिवसभर इथे असता. एक विचारू? हे ट्रक ताशी तीन मैलांच्या वेगाने जातात."

ओडेलकाका म्हणाला, "भरलेले असतात ना."

"आणि फक्त दुपारी चार ते आठ."

"शिफ्ट सुटत असेल."

"आणि त्यातल्या एका ट्रकला तेवीस ॲक्सल आहेत, म्हणजे चाकांच्या तेवीस जोड्या." तिने काकाकडे बघितलं. "तेवीस. इथून आगगाडी जाते का?"

काकाने हनुवटी खाजवली. "लांब होता खरा तो. मी बघितलाय."

मी व्हीलकॅप पुसत होतो. तीच व्हीलकॅप. दहा मिनिटं. बाहेर जर्नी दोरीवर उड्या मारायला लागली, मुद्दामच, माझ्याकडे बघत — टप-टप, टप-टप. व्हँगबाईने मान वळवली. पोरीच्या पायांकडे बघितलं. मग माझ्याकडे. व्हीलकॅपमध्ये मला माझं तोंड दिसत होतं. तेसुद्धा कबूल व्हायच्या बेतात होतं.

तिने कागद गोळा केले. दारातून म्हणाली, "मला वाटतं म्हणून मी आकडे फेकून देऊ शकत नाही. कुणीतरी सुनावणीत उभं राहून, नाव सांगून बोललं, काय झालं ते, तर पुन्हा मोजता येईल. सव्वीसला आहे. नाहीतर प्लॉट त्या कंपनीचे."

ती गेल्यावर काका म्हणाला, "बाई हुशार आहे. पण ट्रक होता हं."

सोमवार, २४ जून

पत्र लिहायचं ठरवलं. निनावी. डाव्या हाताने.

"माननीय सिटी हॉल, मी एक ट्रक ड्रायव्हर आहे. मे महिन्यात माझी वाट चुकली आणि मी कॅलोवे स्ट्रीटवर चुकून बाराशे वेळा आलो. माफ करा."

वाचून बघितलं. माझ्या एकट्याच्या खोलीत मलाच लाज वाटली. फाडलं.

मंगळवार, २५ जून

दुसरं पत्र. यात आगगाडी घातली. तेही फाडलं.

मावशी उद्यासाठी कपाटातून हॅट काढून बसलीय. जांभळी, पिसाची. ही बाई कशी आहे ते लिहून ठेवतो, म्हणजे माझी काय फाटलीय ते कळेल. मागे चर्चमध्ये एका बाईला म्हणाली, हॅट छान आहे. आठवडाभर झोपली नाही. पुढच्या रविवारी जाऊन सांगून आली, "बहिणी, मी खोटं बोलले. हॅट छान नव्हती." ही माझी मावशी! आई गेल्यापासून हिनेच वाढवलंय मला. आणि मी हिच्यासमोर उभं राहून उद्या काय बोलू?

बुधवार, २६ जून

बोललो.

सुनावणीत माणशी दोन मिनिटं. समोर छोटा दिवा, हिरवा, मग पिवळा, मग लाल. आधी कंपनीचा माणूस बोलला. गुळगुळीत, धुऊन पुसून चकाचक, स्वतःच्याच यंत्रातून निघाल्यासारखा. "एवढ्या रहदारीच्या रस्त्याला शोभेल असंच आम्ही बांधणार." मग मावशी. तिने चार ट्रकांचं सांगितलं. बिअरचा, ब्रेडचा. कुणीतरी हसलं. नगरसेवक म्हणाला, "बाई, आपलं म्हणणं समजलं, पण यंत्र म्हणतं बाराशे बारा." मावशी उभीच राहिली. दिवा लाल झाला. मग बसली. बसताना गुडघ्याला हात लावला.

तो हात बघितला आणि माझेच पाय चालायला लागले.

"माझं नाव टेव्हिस ओकली. ते ट्रक मी आहे."

मग मी सगळं सांगितलं. नळ्या, टिक, आइसकँडी, टायर. कुणाला पटेना! नगरसेवक म्हणाला, "तेवीस ॲक्सलचा ट्रक म्हणजे कोण?" मागून जर्नी उठली. बोलावलं नव्हतं. आईचा हात सोडवून सरळ मधल्या मोकळ्या जागेत आली, म्हणाली, "तो वाढदिवसाचा दिवस होता. सगळे आले होते." आणि दोन्ही पायांनी टपटप उड्या मारून दाखवल्या. मोठमोठ्याने मोजत. बाविसावर दिवा लाल झाला, पण तिने तेवीस पुरे केले.

काय हसले लोक! व्हँगबाई कागदामागे तोंड लपवून. नगरसेवक चष्मा काढून. कंपनीवालासुद्धा. सबंध सभागृहात दोघंच हसले नाहीत. मी आणि मावशी.

पुन्हा मोजायचं ठरलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. सोमवार ते शुक्रवार. या वेळी एकच नळी, फक्त गाड्या मोजायला. मला शिक्षा — उन्हाळाभर चारही प्लॉट मी झाडायचे. नगरसेवकाने विचारलं, मान्य? मी म्हटलं, हो. मागून मावशीचा आवाज आला, "पार्कच्या बाजूचा फुटपाथही."

गाडीत बसलो. घरी पोचेपर्यंत दोनच शब्द बोलली. "पट्टा लाव."

शुक्रवार, २८ जून

फिश फ्राय. मला बटाटे सोलायला बसवलं. ताटात सगळ्यात छोटा पर्च. शेपूटच म्हण ना.

आणि लोक मावशीपेक्षा जास्त रागावलेत! मिस व्हर्डी म्हणाली, "पोरा, माझ्या बशा थरथरत होत्या. तुझ्या सांगण्याने थरथरायच्या थांबणार आहेत का?" ज्याने लाल ट्रक बघितले होते तो तर माझ्याशी बोलेना. मी त्याचे तीन ट्रक चोरलेत. ओडेलकाका एकटाच हात पुसत जवळ आला. "भिंतीच्या तड्याबद्दल काही सांगायचंय का? आता कबुलीची लाट आलीच आहे तर."

सांगितलं. अजून एक महिना शटर मीच उघडायचं.

मावशीशी बोलायला गेलो. कढईकडे बघत म्हणाली, "तू खोड काढलीस त्याचा राग नाही. तू दहा वर्षांचा असल्यापासून काढतोयस. माझ्या शेजारी बसून सरबत पाजलंस, त्याचा आहे."

परत जाऊन बटाटे सोलत बसलो.

सोमवार, ८ जुलै

नळी आली. एकच. तीच जागा, तेच झाड, तोच खोका. मला बघून नळी लावणारा माणूस म्हणाला, "तू तोच का? ट्रक?" ऑफिसात माझं नाव झालंय म्हणे.

सकाळपासून पहारा देतोय. पोरींना हाकलतो. कुत्र्यांना हाकलतो. एक कबूतर नळीवर बसलं, त्यालाही! स्वतः नळी ओलांडताना पाय गुडघ्यापर्यंत उचलून टाकतो, बगळ्यासारखा. ओडेलकाका दारात खुर्ची टाकून बघत बसलाय. "टेव्हिस, आता श्वासही रोखून धर. वारा लागायचा नळीला."

मनातल्या मनात गाड्या मोजायला गेलो. शंभरावर सोडून दिलं. फार जातात रे. खरंच फार जातात. पंधरा हजारांच्या आत बसतील ना? ट्रक नाहीत हे खरं, पण गाड्या तर माझ्या नाहीत. असं कसं झालं नाही माझ्या लक्षात?

मंगळवार, ९ जुलै

मावशी चार वाजता आली. ब्युइक बरोबर खोक्यापाशी, फुटपाथला घासून लावली. काचा खाली, चर्चमधला जुना कागदी पंखा हातात, रेडिओवर भजनं. सहाला गेली.

मी म्हटलं, "उन्हात कशाला? खुर्ची टाकतो ना झाडाखाली."

"गुडघा दुखतो. इथेच बरी आहे."

कळलं मला. माझ्यावर पहारा आहे. बरोबरच आहे म्हणा.

बुधवार, १० जुलै

आजही चार ते सहा. मी तिच्या समोर मुद्दाम सहा वेळा बगळ्यासारखी नळी ओलांडली. दिसावं तिला, सुधारलो म्हणून. हसलीही नाही. नळीकडे बघतच नव्हती. सरळ समोर, तळ्याकडे.

शुक्रवार, १२ जुलै

आज मावशी तीनलाच आली आणि साडेपाचला घाईने गेली. फिश फ्रायला उशीर झाला! तेलही तापलेलं नव्हतं. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा.

ती गेल्यावर माणसं येऊन नळी काढून घेऊन गेली. गुंडाळायला मी मदत केली. फुटपाथच्या बाजूचा हातभर तुकडा चपटा झाला होता, त्यांनी तो कापून टाकला. "उन्हाने होतं असं. तुला हवाय का, ट्रक?" जर्नीला दिला दोरीउड्यांना. चला! त्या निळ्या आइसकँड्यांचं शेवटचं देणं फिटलं.

सोमवार, १५ जुलै

वाट बघतोय. मावशी कपाटं पुसतेय. पुसलेलीच.

मंगळवार, १६ जुलै

तेरा हजार आठशे!

व्हँगबाई स्वतः सांगायला आली. पंधरा हजारांच्या आत! ट्रकांचं तर ती म्हणाली, "तो विषय मी संपवलाय." रस्ता दोन पट्ट्यांचा होणार, ओलांडायची जागा होणार, प्लॉट मावशीच्या मंडळींना. कंपनी दुसरीकडे जाणार साबण घेऊन. ओडेलकाकाने मला मिठी मारली, माझं हाड वाजलं. मिस व्हर्डी रडली. मी तर नाचलोच, फुटपाथवर. नळी नव्हती म्हणून बरं.

मावशी खुर्चीत बसून राहिली. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. "देव बघतो," एवढंच म्हणाली. आवाज कसातरीच. आनंदाने झालं असेल.

व्हँगबाई जाताना थबकली. म्हणाली, "एक गंमत आहे. रोज चार ते सहा ही खरी गर्दीची वेळ. आणि तेव्हाच तुमचा रस्ता एकदम गप्प. मंगळवार ते शुक्रवार. अशी शांत गर्दी मी पहिल्यांदा बघितली."

ओडेलकाका म्हणाला, "आमच्याकडे लोक तेव्हा जेवायला बसतात."

व्हँगबाईने ब्युइककडे बघितलं. मग मावशीच्या गुडघ्याकडे. मग पलीकडे पार्ककडे. हातातली फाइल मिटली. "शक्य आहे," म्हणाली आणि गेली.

बुधवार, १७ जुलै

प्लॉट झाडत होतो. जर्नीने तो नळीचा तुकडा माझ्यापुढे धरला. "हा सरळ होत नाही. इथे चपटाय, बघ."

बघितला. रबरात टायरची नक्षी उमटलीय. आणि कडेला, दोन बोटं रुंद, नक्षीच नाही. गुळगुळीत.

तो टायर मी बसवलाय. शहरात तसा दुसरा नाही. नळीवर चाक चढवून ठेवलं की हवा पुढे जात नाही, खोक्यात टिक होत नाही — कितीही गाड्या जाऊ देत. चार ते सहा. रोज. आणि त्या सोमवारी ट्रक चारच होते, मग पाठपोट रेघा कसल्या होत्या? तिने जूनमध्येच सगळ्या गाड्या मोजल्या होत्या. खरा आकडा तिच्या पर्समध्ये आहे, पंधरा हजारांच्या वरचाच असणार.

हॅट छान नव्हती म्हणून सांगून येणारी बाई!

जर्नी म्हणाली, "तिने पहिल्यांदा गाडी लावली, त्या मंगळवारपासूनच मला माहितेय. पण तिच्याकडून मी काही घेणार नाही. मला फक्त तिच्या दुकानात खिडकीजवळची जागा हवीय, बदकं दिसतील अशी."

तुकडा कापून बारीक केलाय. हे पानही फाडायला हवं, फाडवत नाही. तू कोण वाचतोयस मला माहीत नाही. माझं वाट्टेल ते सांग, गावभर सांग, मी ट्रक आहेच. पण हे नको. पाया पडतो तुझ्या. व्हँगबाईला नको, पास्टरला नको, आणि मावशीला तर अजिबात नको की मला कळलंय. ती लगेच हॅट घालून सिटी हॉलला निघेल.